हेड पोर्टिंग आणि पॉलिशिंग: १३०० सीसी, १६ व्हॉल्व्ह (प्रकल्प नोंदी)

कामाचा आवाका

हेडमधून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या आणि जळका गॅस बाहेर सोडणाऱ्या वाटा म्हणजे पोर्ट; त्या घासून आकार देण्याच्या कामाच्या या नोंदी. इंजिन चार सिलिंडरचं, १२९८ सीसी, एका कॅमशाफ्टवर १६ व्हॉल्व्ह, हेड ॲल्युमिनियमचं. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. इनटेक व्हॉल्व्ह २८ मिमी, एक्झॉस्ट २४ मिमी, स्टेम ५.५ मिमी. इंधन पोर्ट इंजेक्शनने. कॅम मूळचाच ठेवायचा आहे आणि त्याची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते माप, ८ मिमी आहे. व्हॉल्व्ह मोठे करायचे नाहीत. गाडी रोज रस्त्यावर चालणार आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणार, त्यामुळे ३००० ते ६५०० आरपीएमच्या पट्ट्यात ताकद हवी. खालचा टॉर्क घालवून वरची ताकद मिळवायची नाही. पुढचे सगळे निर्णय या एका अटीवर घेतले आहेत.

६ जानेवारी: उघडणं, धुणं, तपासणं

हेड उतरवलं. व्हॉल्व्ह काढताना प्रत्येकाला नंबर टाकला: सिलिंडर १ ते ४, इनटेक पुढचा-मागचा, एक्झॉस्ट पुढचा-मागचा. रॉकर, स्प्रिंग, रिटेनर, लॉक सगळं त्याच क्रमाने खोक्यात. घासून घासून जुळलेले भाग अदलाबदल झाले की झीज नव्याने सुरू होते.

कार्बन काढायला लाकडी पट्टी, पितळी ब्रश आणि डिग्रीझर. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत ॲल्युमिनियमचं हेड कधीही बुडवायचं नाही, सोडा धातूच खातो. गॅस्केटच्या फेसवर (हेड ब्लॉकवर बसतं त्या सपाट पृष्ठभागावर) एअर टूलला लावलेली खरखरीत स्कॉच पॅडही चालवायची नाही. तिची अपघर्षक धूळ ऑइल गॅलरीत जाते आणि तिथून थेट बेअरिंगमध्ये.

धुतल्यावर डाय पेनिट्रंट मारून भेगा पाहिल्या. बघायच्या जागा ठरलेल्या असतात: दोन सीटच्या (व्हॉल्व्ह मिटून बसतो त्या रिंगांच्या) मधला पूल, सीटपासून स्पार्कप्लगच्या भोकापर्यंतचा पट्टा आणि एक्झॉस्ट गाइडचा (व्हॉल्व्हचा स्टेम सरकतो त्या नळीचा) बॉस, म्हणजे तिच्याभोवतीचा धातूचा उंचवटा. भेग नाही. वॉटर जॅकेट बंद करून गरम पाण्यात हवेच्या दाबावर तपासलं, बुडबुडे नाहीत. फेसवर सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून फिलर गेज घातला. सर्वांत जास्त फट ०.०४ मिमी, कर्णावर. फेसिंग कसंही करायचंच आहे, त्यामुळे अडचण नाही.

गाइडमधली ढिलाई: इनटेकला ०.०३ ते ०.०४ मिमी, ठीक. एक्झॉस्टला ०.०८ मिमीपर्यंत, म्हणजे गाइड गेलेत. ढिल्या गाइडवर सीट कितीही चांगली कापली तरी व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो. सगळेच १६ बदलायचं ठरवलं.

याचा एक मोठा फायदा आहे. गाइड बाहेर असताना बाउलमध्ये, म्हणजे सीटखालच्या पोर्टच्या पोकळीत, हत्यार सरळ जातं. म्हणून कामाचा क्रम असा: गाइड काढा, पोर्ट घासा, नवे गाइड बसवा, मग सीट कापा. सीट आधी कापली तर नव्या गाइडशी तिचा मध्य जुळत नाही आणि पोर्टिंग करताना ओरखडे पडतात ते वेगळेच.

९ जानेवारी: हात लावण्याआधीची मापं

इनटेक थ्रोट, म्हणजे सीटच्या लगेच खालची सर्वांत अरुंद जागा, २३.० मिमी. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८२ टक्के. रस्त्यावरच्या इंजिनाला ८५ ते ८८ टक्के चांगलं चालतं. ९० च्या वर गेलं की सीटखाली वळण द्यायला धातूच उरत नाही. लक्ष्य २४.४ मिमी, ८७ टक्के. एक्झॉस्टचा थ्रोट १९.८ मिमी आहे, तो २०.८ करायचा.

पोर्टच्या नळीत, दोन व्हॉल्व्हमधल्या दुभाजकाच्या थोडं अलीकडे, सर्वांत लहान छेद ७४० चौ. मिमी निघाला. पोर्टमध्ये रबराचा साचा ओतून काढला आणि दर १० मिमीवर कापून छेद मोजले. सगळ्या कामात हे सर्वांत उपयोगी माप आहे. बोटाने चाचपून पोर्ट मोठा की लहान हे कळत नाही.

आता हिशेब. ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग २ × ०.०७५५ × ६५०० ÷ ६० = १६.४ मी. प्रति सेकंद. बोअरचं क्षेत्र ४३०१ चौ. मिमी. त्याला ७४० ने भागून पिस्टनच्या वेगाने गुणलं की पोर्टमधल्या हवेचा सरासरी वेग ९५ मी. प्रति सेकंद. तोच पोर्ट गॅस्केटच्या मापाला ८५० चौ. मिमी केला तर वेग ८३ वर येतो. ३००० आरपीएमला ही घट जास्त जाणवते. हवेच्या स्तंभाचा जोर कमी झाला की इनटेक बंद होण्याच्या शेवटच्या टप्प्यात सिलिंडर भरत नाही, आणि पिस्टन वर येऊ लागताच आत गेलेली हवा मागे फिरते. म्हणून नळी ७७० च्या वर न्यायची नाही. ७७० ला वेग ९१ राहतो, तेवढं मान्य.

ज्वलन चेंबरची घनमापं ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने): २८.९, २९.२, २८.८, २९.१ सीसी. इनटेक पोर्टचं घनमाप सरासरी ९८ सीसी.

१२ जानेवारी: फ्लो बेंचवर मूळ आकडे

फ्लो बेंच म्हणजे पोर्टमधून जाणारी हवा मोजायचं यंत्र. हा घरी बांधलेला, ऑरिफिसचा (ठरावीक मापाच्या भोकाचा). चाचणी १० इंच पाण्याच्या दाबफरकावर केली आणि आकडे २८ इंचावर आणले. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो, त्यामुळे २.८ चं वर्गमूळ १.६७ ने गुणायचं. बेंचचा आकडा दुसऱ्या कुणाच्या बेंचशी ताडायचा नाही. आपल्याच बेंचवर आधी किती आणि नंतर किती, एवढाच त्याचा उपयोग. रोज सुरुवातीला ठरावीक भोकाची पट्टी लावून बेंच तपासायचा आणि हेड लावल्यावर व्हॉल्व्ह बंद ठेवून गळती वजा करायची.

इनटेकच्या तोंडाला मॉडेलिंग क्लेचं गोलसर बेलमाउथ केलं. धारदार कडेवरून हवा ओढली तर आकडा बराच खाली येतो आणि दोष पोर्टला लागतो. एक्झॉस्टला पोर्टच्याच मापाचा आखूड पाइप.

इनटेक, दोन्ही व्हॉल्व्ह मिळून, सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा):
२ मिमी लिफ्ट: ४८
४ मिमी: ९१
६ मिमी: १२०
८ मिमी: १३५

एक्झॉस्ट ८ मिमीला १०४, म्हणजे इनटेकच्या ७७ टक्के. हे प्रमाण निरोगी आहे, त्यामुळे एक्झॉस्टवर फार वेळ घालवायची गरज नाही.

व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भागाइतकी लिफ्ट झाली की भोवतीच्या फटीचं क्षेत्र व्हॉल्व्हच्या तोंडाइतकं होतं. इथे ती लिफ्ट ७ मिमी. कॅमची कमाल लिफ्ट ८ आहे आणि कमाल बिंदूवर व्हॉल्व्ह एकदाच असतो. २ ते ६ मिमीमधून मात्र तो उघडताना एकदा आणि मिटताना एकदा जातो. त्यामुळे ४ मिमीला वाढलेले ८ सीएफएम हे ८ मिमीला वाढलेल्या ८ सीएफएमपेक्षा जास्त मोलाचे आहेत. ४ मिमीचा आकडा ठरवते ती सीट आणि तिच्या खालचा सेंटीमीटरभर भाग. नळी नव्हे.

१५ जानेवारी: आखणी

गाइड काढले. हेड ओव्हनमध्ये सुमारे १०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखं तापवलं आणि पायरीच्या ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) गाइड चेंबरच्या बाजूने वर ठोकले. आधी चेंबरच्या बाजूच्या टोकावरचा कार्बन खरवडून काढायचा, नाहीतर तोच कार्बन हेडमधल्या भोकात ओरखडे पाडत जातो.

मॅनिफोल्डच्या बाजूच्या फेसवर मार्किंग ब्लू लावून नवा मॅनिफोल्ड गॅस्केट डॉवेलवर बसवला आणि सुईने रेघ मारली. इनटेकला रेघ पोर्टच्या बाहेर सगळीकडून २ ते ३ मिमी. पोर्ट तिथपर्यंत वाढवायचा नाही, हे वर ठरलंच आहे. गॅस्केटचं भोक सैल ठेवलेलं असतं, तो पोर्टचा नकाशा नसतो. मॅनिफोल्डचा तुकडा आणि हेड यांची तोंडं एकमेकांशी जुळवायची, एवढंच काम. इनटेकला हेडचं तोंड मॅनिफोल्डपेक्षा अर्धा मिमी मोठं चालतं. उलटं झालं, म्हणजे वाहत्या हवेला समोर भिंतीची कड दिसली, तर नुकसान. एक्झॉस्टला हाच नियम पुढच्या भागाला लागतो: मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा १ ते २ मिमी मोठं. त्या पायरीमुळे मागे फिरणारा गॅस थोडा अडतोही.

भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने पाहिली. पोर्टच्या छताला ५ मिमीच्या वर, बाजूंना ४ च्या आसपास, तळाला वळणाजवळ ३.४. तळाखाली वॉटर जॅकेट आहे. ३ मिमीच्या खाली कुठेही जायचं नाही. भिंत फुटली तर ॲल्युमिनियमची टिग वेल्डिंग होते, पण त्यासाठी हेड तापवावं लागतं. त्यात फेस वाकतो, सीट ढिल्या पडतात आणि काम दुप्पट होतं.

१८ ते २१ जानेवारी: बाउल

हत्यारं: वेग कमी-जास्त करता येणारा डाय ग्राइंडर, ६ मिमी शँक, ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचे कार्बाइड बर (फिरते कटर). एक अंडाकृती, एक गोल टोकाचा दंडगोल. बारीक दातांचा डबल कट बर ॲल्युमिनियमने लगेच भरतो आणि कापायचं सोडून घासत बसतो. बरवर दर मिनिटाला केरोसीनचा फवारा किंवा मेण. लांब शँकचा बर पूर्ण वेगाने फिरवायचा नाही, शँक वाकतो आणि बर सुटून उडतो. आधी पोर्टच्या आत टेकवायचा, मग चालू करायचा. बंद होऊन थांबेपर्यंत बाहेर काढायचा नाही. डोळ्यांना बंद गॉगल, तोंडाला धुळीचा मास्क, कानाला मफ.

सीटवर ओरखडा पडू नये म्हणून जुने व्हॉल्व्ह खालून १ मिमी घासून, आखूड स्टेमचे, झाकण म्हणून वापरले. वरून पोर्टच्या तोंडातून काम करताना ते सीटवर बसवून ठेवायचे.

कारखान्यात सीटच्या खाली सरळ कटर उतरवलेला असतो. तो जिथे संपतो तिथे ओतीव भागाशी एक कड उरते. या हेडमध्ये ती सुमारे ०.८ मिमीची, सीटच्या १० मिमी खाली, गोल फिरलेली. हवेच्या वाटेत सर्वांत वाईट जागी असलेला हा अडथळा आहे. इनटेकचं अर्धं काम म्हणजे ही कड मिटवणं आणि सीटच्या रिंगपासून बाउलच्या पोटापर्यंत एकच सलग वळण देणं. सीटची रिंग कडक असते. ॲल्युमिनियमचा बर तिच्यावर घसरतो आणि शेजारच्या मऊ धातूत खड्डा करतो. म्हणून रिंगचा खालचा भाग माउंटेड स्टोनने, ॲल्युमिनियम बरने, आणि दोन्हींमधला सांधा ८० नंबरच्या कार्ट्रिज रोलने (सँडपेपरच्या गुंडाळीने).

थ्रोट आत्ता २४.० ला थांबवला. उरलेले ०.४ मिमी सीट कापताना ६० अंशांच्या कटरने येतील. पूर्ण माप हातानेच गाठलं तर कटरला टेकायला धातू राहत नाही.

गाइडचा बॉस: इनटेकला हवेच्या दिशेने निमुळता केला, पुढून गोल, मागून टोकदार. लांबी कमी केली नाही. एक्झॉस्टचा बॉस जवळपास तसाच ठेवला, फक्त ओतकामाचे खडे काढले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्टेमची उष्णता गाइडमधूनच हेडमध्ये उतरते. तिथला धातू काढून मिळणारे दोन सीएफएम नंतर व्हॉल्व्ह जाळून परत द्यावे लागतात.

दोन व्हॉल्व्हमधला दुभाजक: पुढचं टोक ओतकामात ४ मिमी जाड आणि बोथट होतं. ते २ मिमीच्या गोलाईपर्यंत आणलं. चाकूसारखी धार करायची नाही. हवा तिरकी आली की पातळ धारेच्या एका बाजूला ती भिंतीपासून सुटते, गोलाईवर ती चिकटून राहते.

२४ जानेवारी: आतलं वळण

पोर्टच्या तळावरून हवा सीटकडे खाली वळते ते आखूड वळण. सर्वांत जास्त हेड इथेच बिघडतात, कारण बर पहिल्यांदा तिथेच टेकतो आणि धातू काढायला सोपा. वळण खाली गेलं की ते आणखी आखूड आणि तीव्र होतं. वेगाने येणारी हवा त्यावरून वळू शकत नाही, भिंत सोडून सरळ जाते आणि थ्रोटच्या अर्ध्याच भागातून वाहते.

म्हणून तळ खाली नेला नाही. वळणाचा माथा होता त्याच उंचीवर ठेवून फक्त त्याची कड गोल केली आणि तळ बाजूंना प्रत्येकी १ मिमी रुंद केला. रुंदीमुळे तिथल्या हवेचा वेग उतरतो आणि ती वळण धरते. बर वापरला नाही, सगळं ८० नंबरच्या कार्ट्रिज रोलने हळूहळू. वळणाच्या आकाराची पातळ पत्र्याची फर्मा कापून चारही पोर्टना तीच लावून पाहिली. नजरेला सारखे दिसणारे दोन पोर्ट फर्मा लावल्यावर वेगळे निघतात.

२८ जानेवारी: मधली चाचणी

सीट अजून जुन्याच असल्या तरी बाउलचा परिणाम पाहायला बेंचवर लावलं, जुने व्हॉल्व्ह आणि तात्पुरते गाइड घालून. ८ मिमीला पोर्ट १, २ आणि ४ यांचे आकडे १४३ ते १४४. पोर्ट ३ फक्त १३८, आणि ७ मिमीवरून ८ वर जाताना आकडा वाढतच नाही.

हवा भिंत सोडते तेव्हा बेंचचा आवाज बदलतो. एकसारखी सूं-सूं तुटून फडफड ऐकू येते आणि मॅनोमीटरचा स्तंभ थरथरतो. बारीक तारेच्या टोकाला दोरा बांधून पोर्टमध्ये धरला. छताजवळ दोरा ताठ, तळाच्या वळणावर आला की उलटा फिरून फडफडतो. दोष तिथेच. वळणावर थोडी क्ले चिकटवून माथा १ मिमी उंच केला आणि परत चालवलं: छेद लहान झाला आणि आकडा १४२ वर गेला. म्हणजे तिथे कड राहिली होती. फर्मा नीट लावली तेव्हा माथ्यापुढच्या उतारावर ओतकामाचा उंचवटा सापडला. तो उतरवून वळण गुळगुळीत केलं. क्ले काढून १४३.

धातू काढण्याआधी क्ले लावून पाहण्याची ही पद्धत सोडू नये. क्ले परत काढता येते.

३० जानेवारी: पृष्ठभाग

इनटेक ८० नंबरवर थांबवला. आरशासारखा चकचकीत इनटेक दिसायला सुंदर, पण पोर्ट इंजेक्शन किंवा कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसून ओघळ बनतात आणि ते ओघळ तसेच सिलिंडरमध्ये जातात. भिंत किंचित खरखरीत असली की लगतच्या हवेत खळबळ राहते आणि ती तो थर पुन्हा उचलते. बेंचवर ८० आणि आरसा यांत फरक दिसत नाही, कारण बेंचवर पेट्रोल नसतं. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोरची जागा मुद्दाम ६० नंबरची ठेवली.

एक्झॉस्ट १२० आणि मग फ्लॅप व्हीलने २४०. इथे ओला थर नाही, आणि गुळगुळीत भिंतीला कार्बन उशिरा धरतो. चेंबर ३२०.

२ फेब्रुवारी: चेंबर

हेड गॅस्केटचं भोक ७५ मिमी. ते फेसवर आखलं आणि त्या रेघेच्या आतच राहिलो. रेघेबाहेर गेलं तर गॅस्केटची कड आगीत उघडी पडते.

इनटेक व्हॉल्व्ह बोअरच्या भिंतीकडे जिथे चेंबरच्या कडेला खेटून उघडतो तिथे फट कमी आहे. ती भिंत सीटपासून बाहेर उतरती केली. ४ ते ६ मिमी लिफ्टला याचा फायदा होतो. स्पार्कप्लगच्या भोकाची आणि सीटभोवतीची प्रत्येक धारदार कड गोल केली. पातळ धार तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते.

स्क्विशच्या सपाट पट्ट्यांना हात लावला नाही. पिस्टन वर येताना तिथलं मिश्रण पिळून मध्याकडे फेकलं जातं, त्यामुळे ज्वाला लवकर पसरते आणि नॉकिंगपासून (मिश्रण आपोआप भडकण्यापासून) थोडी मोकळीक मिळते. पट्टी घासून काढणारा माणूस ती मोकळीक फुकट घालवतो.

६ फेब्रुवारी: गाइड

हेड ओव्हनमध्ये, गाइड फ्रीझरमध्ये, मग पायरीच्या ड्रिफ्टने मूळ उंचीपर्यंत. थंड झाल्यावर ५.५ मिमीच्या रीमरने, तेल घालून, एकाच दिशेने फिरवत. ढिलाई इनटेक ०.०३, एक्झॉस्ट ०.०४ मिमी. रीमर उलटा फिरवला तर धार जाते आणि भोकात रेघ उमटते.

९ फेब्रुवारी: सीट

तीन कोन: वर ३०, मधली बसण्याची ४५, खाली ६०. कटरचा पायलट नव्या गाइडमध्ये, डळमळ शून्य.

इनटेकला ४५ च्या पट्टीचा बाहेरचा व्यास २७.४ मिमी, रुंदी १.१. म्हणजे व्हॉल्व्हच्या कडेपासून सगळीकडून ०.३ आत. ही पट्टी बाहेरच्या कडेकडे असावी, कारण तितकी हवेची वाट मोठी होते. एक्झॉस्टला २३.५ आणि रुंदी १.४. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता मिटलेल्या अवस्थेत सीटमधून निघते. ती पट्टी १ मिमी केली की बेंचवर आकडा चांगला दिसतो आणि काही हजार किलोमीटरवर व्हॉल्व्हची कड जळते. मग ६० च्या कटरने थ्रोट २४.४ आणि २०.८. कटरने उमटलेली खालची कड १२० नंबरच्या रोलने दोन-तीन फेऱ्यांत बाउलमध्ये मिसळली, ४५ च्या पट्टीला न शिवता.

इनटेक व्हॉल्व्हच्या मागे ३० अंशांचा बॅक कट घेतला. मार्जिन, म्हणजे व्हॉल्व्हच्या कडेची जाडी, १ मिमी राखलं.

लॅपिंग फक्त बारीक पेस्टने, तपासण्यापुरतं. राखाडी पट्टी अखंड आणि सारख्या रुंदीची आली. लॅपिंग करत राहून खराब सीट सुधारू नये, तिने व्हॉल्व्हवर खाच पडते.

बेंच, इनटेक:
२ मिमी: ५३
४ मिमी: ९९
६ मिमी: १३१
८ मिमी: १४७

एक्झॉस्ट ८ मिमीला ११२, प्रमाण ७६ टक्के. चारही पोर्ट एकमेकांपासून २ सीएफएमच्या आत. पोर्टचं घनमाप ९८ वरून १०२ सीसी, सर्वांत लहान छेद ७६५ चौ. मिमी. घनमाप ४ टक्के वाढलं आणि प्रवाह ९ ते १० टक्के. हवा जवळपास तेवढ्याच नळीतून जास्त जाते आहे, आणि कमी लिफ्टचे आकडेही सोबत वर आले आहेत.

१३ फेब्रुवारी: घनमाप, फेसिंग, कॉम्प्रेशन

व्हॉल्व्हला ग्रीसचं बोट, स्पार्कप्लग लावलेला, फेसवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी ग्रीसवर दाबून. हेड किंचित तिरकं, भोक वरच्या टोकाला, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. लाल रंगाचं केरोसीन ५० मिलीच्या ब्युरेटने. सगळ्यांत मोठं चेंबर २९.८ निघालं, बाकीची घासून त्याच्याशी ०.१ सीसीत जुळवली.

मग फेसवरून ०.३० मिमी. पुन्हा मोजलं: २८.७. गॅस्केट दबून १.२ मिमी, ७५ चं भोक: ५.३ सीसी. पिस्टनची खोलगट ३.०. पिस्टन ब्लॉकच्या फेसखाली ०.२ मिमी: ०.८६. एकूण ३७.८६. एका सिलिंडरचं विस्थापन ३२४.७. गुणोत्तर (३२४.७ + ३७.८६) ÷ ३७.८६ = ९.५८. कामाआधी ९.५१ होतं.

फेसिंगने कॉम्प्रेशन वाढतं, स्क्विशची फट तीच राहते, कारण स्क्विशची पट्टी फेसच्याच पातळीत असते. ती फट इथे १.४ मिमी आहे. ती कमी करायची तर पातळ गॅस्केट लागेल किंवा ब्लॉकचा फेस कापावा लागेल. या खेपेला तसंच ठेवलं. गॅस्केट अनेक पत्र्यांचा असल्याने फेसची घडण बारीक हवी, आरए (सरासरी खरखरीतपणा) ०.८ मायक्रॉनच्या आत.

१६ फेब्रुवारी: धुणं आणि जोडणी

गरम साबणपाणी, बाटली घासायचे लांब ब्रश, ऑइल गॅलरीतून दोन्ही बाजूंनी कॉम्प्रेस्ड हवा, पुन्हा साबणपाणी. पांढऱ्या कापडावर राखाडी डाग येणं थांबेपर्यंत.

सीट कापल्याने व्हॉल्व्ह ०.३ मिमी आत बसला, म्हणजे स्प्रिंगची उंची तेवढी वाढली आणि दाब कमी झाला. प्रत्येक स्प्रिंगखाली ०.३ ची शिम. प्रत्येक उंची मोजूनच, सरासरीवर भागवलं नाही. नवे स्टेम सील, लॉकच्या धारेने फाटू नयेत म्हणून स्टेमच्या टोकावर प्लास्टिकची टोपी घालून. पोर्टमध्ये केरोसीन भरून ठेवलं, चेंबरच्या बाजूला ओल नाही.

१९ फेब्रुवारी: इंजिनवर

पिस्टनच्या खाचांवर क्ले, जुना दबलेला गॅस्केट, हेड कसलं, क्रँक हाताने दोन फेरे. क्ले कापून मोजली: इनटेक २.६ मिमी, एक्झॉस्ट ३.१. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ च्या खाली जायचं नव्हतं. नवा गॅस्केट, नवे बोल्ट, मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या टॉर्कने.

हेड ०.३ मिमी खाली आल्याने बेल्टच्या ताठ बाजूची लांबी कमी झाली आणि कॅम किंचित मागे पडला. क्रँकच्या हिशेबाने हे एका अंशाच्या आत. डिग्री व्हील लावून ॲडजस्टेबल पुलीवर दुरुस्त केलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना ०.३ बारच्या आत सारखं.

२३ फेब्रुवारी: ट्यूनिंग

ईसीयू (इंजिनाचा संगणक) मॅनिफोल्डचा दाब वाचून इंधन ठरवतो. त्याच दाबाला आता जास्त हवा आत जाते हे त्याला कळत नाही. वाइडबँड सेन्सरवर पूर्ण थ्रॉटलला ६००० आरपीएमला हवा-इंधन गुणोत्तर १३.५ दिसलं, हवं १२.८. ४५०० च्या वर इंधन ५ ते ६ टक्के वाढवलं, ३००० ला फक्त २ टक्के. हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर असता तर बराचसा फरक त्याने स्वतःच भरला असता. मिश्रण नीट होण्याआधी पूर्ण भार द्यायचा नाही, पातळ मिश्रणावरचं नॉकिंग पिस्टनची कड खातं.

इग्निशन मूळच्यापेक्षा २ अंश मागे ठेवून सुरुवात, मग नॉक ऐकत एकेक अंश पुढे. शेवटी मूळच्या जागी. त्यापुढे एक अंश नेल्यावर ताकद वाढली नाही, तेव्हा परत घेतलं.

१४ मार्च: १००० किमी

थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधलं अंतर) पाहिले. इनटेक जागच्या जागी. एक्झॉस्टच्या आठपैकी तिघांचं अंतर ०.०२ ते ०.०३ मिमीने कमी झालेलं, नवी सीट दबली की हे होतंच. तसंच सोडलं तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. पुन्हा लावले. प्लगचं चिनीमातीचं टोक चारही सिलिंडरना सारखं फिकट तपकिरी. लीकडाउन (सिलिंडरमध्ये दाबलेली हवा किती गळते ते) सर्वांना ४ ते ५ टक्के, एक्झॉस्ट पाइपला कान लावून हवेचा आवाज नाही. पुढची टॅपेट तपासणी ५००० किमीला.